चालती तार

संचालक चावला, याचं सुयोगला तेवढं काही वाटलं नाही. कुत्रा आहे, दात आहेत, कधीतरी कुणाच्या तरी अंगाशी त्यांची गाठ पडायचीच. त्याला धक्का बसला तो निराळ्याच गोष्टीचा: संचालक गुरगुरला नव्हता. रविवारची सकाळ, बारामतीत भिगवण रोडला तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट, आणि सुयोग पालथा पडून सोफ्याखालून आपल्या पोरीचा, छकुलीचा, बूट काढत होता. पाऊल टाकलं की चूं वाजणारे ते बूट. ज्यानं ते शोधून काढले त्याला स्वतःची पोरं नसावीत, किंवा असतील तर दुसऱ्या गावी असावीत. छकुली आईबरोबर लोणी भापकरला मामाच्या लग्नाला गेलेली. घर इतकं शांत होतं की फ्रिज श्वास घेताना ऐकू येत होता, आणि त्या शांततेचा कंटाळा येऊन सुयोगनं बूट नुसता अंगठ्यानं दाबला. चूं. टीपॉयशेजारी पडलेला संचालक उठला, दोन पावलं आला, सुयोगच्या मनगटावरच्या मांसात दात रोवले, काढून घेतले आणि परत जागेवर जाऊन बसला. मानेवरचे केस उभे नाहीत, ओठ वर नाही, घशात काही नाही. हापिसातला माणूस उठून एखादी फाइल शेजारच्या टेबलावर ठेवून येतो, तसं. बसल्यावर मात्र त्यानं कान मागं पाडले, मान खांद्यात ओढून घेतली आणि वाट बघायला लागला. कसली वाट, हे सुयोगला आधी कळेना. रक्त फरशीवर ठिबकत होतं आणि कुत्रा वाट बघत होता. मग कळलं. गळ्यातल्या पट्ट्यातून येणाऱ्या झटक्याची. रिमोट टीव्हीशेजारी पडला होता, सुयोगचा हात तिथवर पोचत नव्हता, आणि गुन्हा होऊन गेला तरी शिक्षा येईना म्हणून बिचारा ताटकळला होता.

त्याचं नाव संचालक कसं पडलं, तर सुयोगचे वडील, शेळगावचे मोहनराव, साखर कारखान्याच्या निवडणुकीत संचालकपदाला उभे राहिले आणि पडले. पडले ते असे, की स्वतःच्या वस्तीवरच्या मतांचा हिशोबसुद्धा लागेना. कुणी घात केला हे शोधण्यात पावसाळा गेला. त्याच सुमाराला गोठ्यामागं कुत्री व्याली, आणि मोहनरावांनी एक पिल्लू मानगूट धरून उचललं आणि म्हणाले, “घरात येक तरी संचालक पायजे.” पिल्लाची आई गावठी, बाप ऐकीव. लॅब्रेडॉर होता असं सांगणारे सांगायचे, पण तेच लोक मोहनराव निवडून येणार असंही सांगत होते. पुढं ते पिल्लू ‘शहरात राखणीला’ म्हणून बारामतीला आलं. तिसऱ्या मजल्यावर राखायचं काय, हा प्रश्न सुयोगनं विचारला नाही. सुयोग आबांना प्रश्न विचारत नसे. वडिलांना तो आबा म्हणायचा, आणि त्याच्यापुढं फार तर ‘व्हय’ एवढा एक शब्द लावायचा. एमआयडीसीत पशुखाद्याच्या कंपनीत तो माल रवाना करायच्या खात्यात होता. तिथं ट्रकवाल्यांशी दिवसभर भांडायचा, शिव्या द्यायचा, खायचा. पण फोनवर ‘आबा’ हे नाव आलं की उभा राहायचा. हे त्याला बायकोनं, संजीवनीनं, सांगितलं तेव्हा कळलं. “अहो, बसून बोला की,” ती म्हणाली होती, “त्यांना दिसतंय का तिकडनं?” दिसत नव्हतं. तरी तो उभा राहायचा.

हात त्यानं मोरीत नळाखाली धरला आणि साबण लावून धुवत राहिला. बराच वेळ धुवायचा असतो, असं त्याला आठवत होतं. पाणी आधी लाल, मग गुलाबी, लग्नातल्या सरबतासारखं. दवाखान्यात जायला हवं, हे त्याला कळत होतं. पण त्याचं डोकं त्या न आलेल्या गुरगुरण्याला धरून बसलं होतं. कारण गुरगुरणं पहिल्यांदा आलं तो दिवस त्याला लख्ख आठवत होता. संचालक भाकरी खात होता, छकुली त्याच्या पाठीवर ओणवी होऊन त्याचा कान पिळत होती, रेडिओचं बटण असावं तसा, आणि संचालकानं भाकरीवरून तोंड न उचलता घशातल्या घशात गुर्रर्र केलं. तेवढंच. साध्या भाषेत त्याचा अर्थ होता, बाई, जेवू दे. छकुली घाबरून बाजूला झाली, कुत्र्यानं भाकरी संपवली, विषय मिटला. पण आबा त्या दिवशी नेमके बाजारसमितीतून येऊन सोफ्यावर बसले होते आणि त्यांनी चहाची बशी खाली ठेवली. “आज गुरगुरतंय,” ते म्हणाले, “उद्या फाडंल. आत्ताच जिरवायला पायजे.” सुयोग म्हणाला, “व्हय आबा.” आणि पट्टा आला.

पट्टा आणला अविराज सरांकडून. हे इंदापूर रोडला एका पत्र्याच्या शेडमध्ये कुत्र्यांना शिस्त लावायचे. आधी त्यांचा मोबाइलच्या कव्हरांचा धंदा होता. तिथंही एकदा बसवलं की निघू नये असाच माल ते विकायचे. सरांनी काळा पट्टा दाखवला, आतल्या बाजूला दोन धातूचे टोकदार खिळे, आणि रिमोटवर एकपासून दहापर्यंत आकडे. आबांना ते यंत्र पाहताक्षणी आपलं वाटलं. शेळगावला मक्याच्या रानाभोवती आबांनी तार ओढून झटका मशीन बसवलं होतं. रानडुकरं मका लोळवायची. तारेला एकदा नाक लागलं की डुक्कर किंचाळून पळायचं आणि त्या बांधाला परत फिरकायचं नाही. “डुकराला कळतंय,” आबा म्हणाले, “आन ह्याला न कळायला ह्यो काय आमदार हाय?” मग पट्टा आधी शेळगावला गेला, कारण घरात नवी वस्तू आली की ती चुलत्यांना दाखवायची रीत. ओट्यावर सगळे बसले आणि प्रत्येकानं पट्टा आपल्या मनगटाला लावून बघितला. मर्दांची परीक्षाच ती. एक चुलता तिनावर “मुंगी चावल्यावानी” म्हणाला आणि मग ते मनगट मांडीखाली दाबून बसला. आबांनी सातावर लावून घेतला, आणि चेहरा न हलवता दुसऱ्या हातानं बशीतला चहा पिऊन दाखवला. चहा बशीत आपोआप ढवळला जात होता, तिकडं सगळ्यांनी आदरानं दुर्लक्ष केलं. “काय न्हाय हुत,” आबा म्हणाले. ओट्यावरचं एकमत झालं, की काही होत नाही. काहीच होत नसेल तर कुत्र्याला लावायचा कशाला, हे विचारणारं तिथं कुणी नव्हतं. सुयोग होता, पण तो विचारणारा नव्हता.

मग रीत ठरली. छकुली आली, संचालक गुरगुरला, की दाबायचं. छकुली यायची ती चूं चूं करत. चूं चूं, गुर्र, झटका. संचालक उडायचा, जिभेनं नाक चाटायचा, टीपॉयखाली जायचा. सुयोग दाबायचा, संजीवनीनंही एकदोनदा दाबलं आणि मग “मला नाही बघवत” म्हणून रिमोट त्याच्या हातात दिला. आबा आले की आबा दाबायचे. त्यांना त्याची गोडी लागली होती, चांगल्या वागण्यालाही ते एक दाबून ठेवायचे, आगाऊ. थोड्या दिवसांत गुरगुर कमी झाली. मग अर्धी झाली, म्हणजे सुरू व्हायची आणि मध्येच गिळली जायची. मग बंद. छकुली त्याच्या अंगावर लोळतेय आणि तो दगडासारखा पडलाय, असा व्हिडिओ घरच्या ग्रुपवर टाकला, तेव्हा डाळजच्या आत्यानं खाली एकच शब्द लिहिला: संस्कार. अविराज सरांनी तो व्हिडिओ आपल्या जाहिरातीला घेतला. सुयोगला स्वतःचाच अभिमान वाटला होता, ही गोष्ट आता मोरीत हात धरून उभं असताना त्याला साबणापेक्षा जास्त झोंबली. कारण तो व्हिडिओ त्याला पाठ होता. त्यात कुत्र्याच्या डोळ्याच्या कडेला पांढरं दिसत होतं. त्यात कुत्रा तोंड फिरवत होता, एकदा भिंतीकडं, एकदा कॅमेऱ्याकडं, आणि जांभई देत होता, झोप आलेली नसताना. सगळे म्हणाले, किती शांत. गळा आवळलेला माणूसही शांतच असतो, आणि त्याला हार घातला तर फोटोही चांगला येतो.

हाताला रुमाल बांधून तो खुर्चीत बसला. संचालक समोर. दोघंही एकमेकांकडं बघायचं टाळत होते, एसटीत शेजारी आलेल्या भावकीसारखे. सुयोगला दत्तोबा आठवला. दत्तोबा शेळगावला आबांच्या रानात कामाला होता. एका संध्याकाळी मशीन सुरू केलं तेव्हा एक डुकरीण तारेच्या आतच राहिली होती, हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. तिला बाहेर पडायचं होतं. पण जिकडं जावं तिकडं तार. सकाळी दत्तोबा आत शिरला, त्याच्या हातात फक्त चहाची किटली होती, आणि ती डुकरीण ना ओरडली ना फुसफुसली. सरळ आली आणि त्याची मांडी गुडघ्यापासून वर उसवली. आबा म्हणाले होते, “पिसाळली आसंल.” पिसाळलेली नव्हती. तिला जायला जागा नव्हती, एवढंच. सुयोगच्या डोक्यात हे आलं आणि थांबलं. मग हळूहळू, गॅसवर दूध वर यावं तसं, दुसरं एक वर आलं. डुक्कर काय शिकतं? मका खाऊ नये, हे शिकत नाही. डुकराला मक्याबद्दल काडीचा पश्चात्ताप नसतो. ते शिकतं, की ती तार वाईट. मग संचालक काय शिकला? गुरगुरू नये, एवढंच? त्याच्या गळ्यात दुखलं तेव्हा दर वेळी समोर कोण होतं? आबा मागं सोफ्यावर, सुयोग दारात, रिमोट खिशात. समोर छकुली. चूं चूं करत येणारी, हातात बिस्कीट घेतलेली छकुली. संचालकाच्या हिशेबात छकुली हीच तार होती. फक्त रानातली तार एका जागी असते, तिच्यापासून लांब राहता येतं. ही तार चालत यायची, मांडीवर चढायची, गळ्यात हात घालायची. आणि ‘जवळ येऊ नकोस’ एवढं सांगायची जी एक सोय त्या जनावराला होती, ती सगळ्यांनी मिळून, एकमतानं, काढून घेतली होती. सकाळचा चावा सुयोगचा नव्हताच. तो छकुलीच्या नावचा होता. ती घरी नव्हती म्हणून बापानं घेतला.

छकुली दुपारी घरी येणार होती.

त्यानं आधी अविराज सरांना फोन लावला. का लावला, हे त्याला सांगता आलं नसतं. ज्यानं विहिरीत ढकललं त्यालाच दोर मागायची आपल्याकडं पद्धत आहे. “सर, संचालक गुरगुरला नाही,” तो म्हणाला. “मग उत्तमच झालं की,” सर म्हणाले. “चावला.” पलीकडं जरा वेळ कुठलं तरी कुत्रं केकाटत राहिलं. “नंबर कितीवर ठेवलाय?” “चारवर.” “सात करा. सुयोगराव, सातच्या पुढं माझ्याकडं आजवर तक्रार आलेली नाही.” “कुणाची? मालकाची का कुत्र्याची?” “हॅ हॅ,” सर म्हणाले. “तुम्ही लई विचार करताय. कुत्र्याला डोकं नसतं, त्याला फक्त गळा असतो.” हे वाक्य त्यांनी शेडच्या भिंतीवर रंगवूनसुद्धा घेतलं असेल, असं सुयोगला वाटलं. त्यानं फोन ठेवला, आणि आपल्याला राग आला आहे का, हे स्वतःत शोधून बघितलं. सापडलं नाही. त्याला राग आलेला कधी सापडायचाच नाही. ट्रकवाल्यांवर यायचा तो राग नव्हे, तो कामाचा भाग, पगारात धरलेला.

ठिबकची नळी. काळी, सोळा एमएमची, हातभर तुकडा. सुयोगच्या लहानपणी ती शेळगावच्या घरात देव्हाऱ्याच्या मागं खिळ्याला असायची, म्हणजे देवाला नमस्कार करताना ती पण त्यातच यायची. आबा पाढे घ्यायचे. सतराचा पाढा चुकला की नळी. चुकल्यावर ‘का’ म्हटलं की दोन. रडलं की आवाज बंद होईपर्यंत. सुयोग सतराचा पाढा शिकला नाही, अजून त्याला येत नाही, मोबाइलवर बघतो. तो शिकला ते निराळंच. आबांची बुलेट लांब कालव्याच्या पुलावर आहे का घराजवळच्या बांधावर, हे आवाजावरून सांगायला शिकला. आबांच्या खोकल्याचे प्रकार शिकला. तंबाखूत चुना जास्त झालाय हे वासावरून ओळखायला शिकला, कारण त्या दिवशी लांब राहायचं. आणि चेहऱ्यावर काही येऊ न देता उभं राहायला शिकला, ते तर इतकं, की आता काही आलं तरी ते त्यालाच कळत नाही. गावात आबा सांगायचे, “आमच्या सुयोगनं आजवर उलटून शबुद काढला न्हाय.” लोक माना हलवायचे. तेव्हा ग्रुप नव्हता, नाहीतर डाळजच्या आत्यानं खाली लिहिलंच असतं.

संजीवनीला फोन लावला तर गाडीचा आवाज, कुणाच्या तरी हातातली पिपाणी, आणि छकुली “पप्पा, मी घोला बघितला” असं ओरडत होती. “निघालो आम्ही,” संजीवनी म्हणाली, “आबांच्या बोलेरोतनं येतोय. लग्नाला आले होते ना ते. काय झालं?” “छकुलीला आणू नको,” सुयोग म्हणाला. “म्हणजे?” “संचालक चावला मला. गुरगुरला नाही, डायरेक्ट चावला. तिला आज नको आणू.” “अगं बाई! किती लागलंय? दवाखान्यात...” आणि फोन तिच्या हातातून गेला, कारण पुढचा आवाज आबांचा होता. सुयोग उभा राहिला. “कुनाला चावलं?” “मला आबा.” “आन तू काय केलंस?” “हात धुतला.” “हात धुतला,” आबा गाडीतल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. “आलोच मी. पोरगी आसू दे बरूबर, तिच्या म्होरंच करतो त्याचं. तू रिमोट चारजिंगला लाव.” “आबा, ते तसं...” “लावला का?” “व्हय आबा.”

आणि त्यानं लावला. ही गोष्ट पुढं कितीदा आठवली तरी त्याला पटली नाही, पण लावला. रिमोट लपवायचा, पिठाच्या डब्यात घालायचा, गॅलरीतून खालच्या चेंबरमध्ये टाकायचा, असे तीन बेत करत करत तो स्विचपाशी गेला आणि त्याच्या हातानं पिन घातली. लाल दिवा लागला. संचालक त्या दिव्याकडं बघत होता. “चल रे,” सुयोग त्याला म्हणाला, आणि हात न लावता, लांबूनच, बिस्किटं टाकत टाकत त्याला बेडरूममध्ये नेलं. संचालक एकेका बिस्किटाशी थांबायचा, त्याच्या हाताकडं बघायचा, मग खायचा. दार लावून सुयोग दाराला पाठ टेकून खाली बसला. पलीकडून कुत्र्याचा श्वास येत होता. दोघांच्या मध्ये प्लायवूडचं एक बोट जाडीचं दार, आणि त्याला वाटलं, आज पहिल्यांदा हे जनावर जरा निवांत बसलंय, कारण मध्ये दार आहे. आपल्याला पण शेळगाव आणि बारामतीच्या मध्ये एक दार मिळालं असतं तर बरं झालं असतं. त्याऐवजी चौपदरी रस्ता मिळाला.

ते आले. आबांच्या डोक्यावर लग्नाचा गुलाबी फेटा तसाच होता, तुरा मागं कललेला, त्यामुळं ते घरात शिरले तेव्हा कुणीतरी कोंबडा हिंडायला सोडलाय असं वाटलं. मागं संजीवनी, तिच्या कडेवर जरीच्या परकरातली छकुली, हातात जिलबी, हनुवटीपर्यंत पाक. संजीवनीनं आधी त्याचा रुमाल सोडून बघितला आणि तिचा चेहरा उतरला. “हे धुवून भागणारं आहे का? चला आधी, गाडी खालीच आहे.” “दोन मिनटाचं काम हाय,” आबा म्हणाले आणि रिमोटची पिन काढली. “पोरीला खाली सोड. हितं बशिव. त्याला भायेर काढू, त्यो तिच्याकडं बघंल, तवाच द्यायचा सातावर. येकदाच. जलमात परत न्हाय चावायचा.” संजीवनी म्हणाली, “आबा, पोरीला नको यात.” “पोरीला काय हुतंय? पट्टा त्याच्या गळ्यात हाय का तिच्या?” ती सुयोगकडं वळली. “अहो, बोला की तुम्ही!” सुयोगनं तोंड उघडलं. त्याच्या डोक्यात सगळं तयार होतं: तार, डुकरीण, दत्तोबाची मांडी, समोर कोण असतं ते. नीट, मुद्देसूद, ट्रकवाल्याला सांगतो तसं. घशापाशी आलं आणि थांबलं. आबांनी खोकला काढला. बुलेट बांधावर आल्यावरचा खोकला होता, पुलावरचा नव्हे. “आबा,” सुयोग म्हणाला, “ते...” छकुली या गडबडीत आईच्या कडेवरून घसरून खाली उतरली होती, आणि आबांनी बेडरूमचं दार उघडलं.

संचालक खाली वाकून बाहेर आला, पोट जवळजवळ फरशीला. छकुलीला बघून जागच्या जागी थांबला. जिभेनं नाक चाटलं. तोंड भिंतीकडं फिरवलं. डोळ्याच्या कडेला पांढरं. एवढं सगळं सुयोगला आज वाचता येत होतं, मोठ्या अक्षरात, पाटी लावल्यासारखं. खोलीतल्या बाकी सगळ्यांना दिसत होता एक शांत कुत्रा. “बगा, कसा वरमलाय,” आबा म्हणाले. “संचू, जिलबी,” छकुली म्हणाली आणि हात पुढं करून चालायला लागली. कुत्रा मागं सरला, मागं कपाट. आणखी सरला, कपाट तिथंच. आबांचा अंगठा बटणावर, आकडा सात. आता दाबलं, की त्या जनावराच्या गळ्यात जे पेटेल त्याचं तोंड कुणाकडं असेल, हे सुयोगला सकाळच्या उजेडाइतकं स्वच्छ दिसलं. छकुलीचा चेहरा कुत्र्याच्या तोंडाच्या उंचीवर होता. सुयोगनं काही ठरवलं नाही. तो ओरडला नाही, ‘आबा थांबा’ म्हणाला नाही, त्याचा चेहराही बदलला नसणार. तो दोन पावलं पुढं गेला आणि आबांच्या अंगठ्याच्या बुडाशी, जिथं तळहाताला मांस असतं तिथं, कडकडून चावला.

आबा जे ओरडले ते खालच्या मजल्यावर कुकर बंद करून ऐकलं गेलं. रिमोट पडला. संजीवनीनं एका झेपेत पोरगी उचलली आणि जिन्यात गेली. जिलबी तेवढी मागं राहिली. संचालक ज्या दारातून आला त्याच दारानं आत गेला आणि पलंगाखाली शिरला. खोलीत उरले बाप आणि लेक, आणि लेकाचे दात अजून बापाच्या हातात. तंबाखू, चुना, लग्नातलं अत्तर, स्टिअरिंगच्या कव्हराचा वास. इतक्या वर्षांत आपण आबांच्या इतक्या जवळ कधी आलो नव्हतो, असं सुयोगच्या मनात आलं, आणि तो विचार घाणेरडा होता की बरा, हे त्याला ठरवता येईना. त्यानं दात सोडले. सरळ उभा राहिला. हात बाजूला, चेहरा कोरा. आता काय येईल ते येऊ दे. पण आबांनी हात उगारला नाही. फेटा सुटून एका कानावर आला होता, आणि त्यातून ते आपल्या पोराकडं बघत होते. ताटातली भाकरी उठून बोलायला लागावी, तसे. “आरं,” ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज चिरकला, “आरं, आदी तोंडानं सांगायचं की रं! आसं येकदम?”

सुयोगला हसू आलं. ते पण त्याला उशिरा कळलं.

संजीवनी वर आली ती दाराच्या आत नाही आली. छकुली खाली शेजारणीकडं होती. “मी पोरीला घेऊन लोणीला परत चालले,” ती उंबऱ्यावरून म्हणाली, “आणि तो कुत्रा पलंगाखालून स्वतःहून बाहेर येईल तेव्हा त्याचा पट्टा काढा. ओढू नका. मग ज्याला कुत्र्यातलं कळतंय अशा डॉक्टरला विचारा काय करायचं ते. पट्टा विकणाऱ्याला नाही. त्याचं जमलं तर जमलं. नाही जमलं तर नाही, पण तोवर माझी पोरगी या घरात पाय ठेवणार नाही.” मग सासऱ्यांकडं बघून म्हणाली, “आणि आबा, तुम्ही पण तोवर.” आबांना सून असं बोलली याचा राग यायला हवा होता, पण त्यांचं सगळं लक्ष हातात होतं. मग तेवढ्यापुरती आत येऊन तिनं रिमोट उचलला, मोरीतल्या भरल्या बादलीत टाकला आणि निघून गेली. लाल दिवा पाण्याखाली थोडा वेळ जळत राहिला, मग विझला.

दवाखान्यात रविवारमुळं एकच सिस्टर होती, आणि ती पन्नाशीची, मुलांचे अंगठे धरून त्यांना बिनरडता सुई टोचणारी. बाप-लेक बाकड्यावर शेजारी बसले. दोघांच्या हाताला दोन रुमाल. आबांनी फेटा मांडीवर घेतला होता. वाटेत ते एकच वाक्य बोलले होते, “लोकास्नी काय सांगायचं?” आणि सुयोग म्हणाला होता, “जे झालं ते.” त्यावर आबांनी खिडकीबाहेर बघितलं होतं. सिस्टरनं आधी सुयोगचा हात बघितला, मग आबांचा उजेडाला धरला, फिरवला, पुन्हा फिरवला. “ह्याला सुळे कसे नाहीत?” ती म्हणाली. आबांनी दुसऱ्या हातानं मांडीवरचा फेटा नीट केला. “एकाच कुत्र्यानं दोघांना घेतलं का?”

“न्हाय,” आबा म्हणाले. “दोन हायती.”

“इंजेक्शनं दिलीत का त्यांना?”

“दिल्यात. दोघास्नी. येळच्या येळी.”

“मोकाट आहेत का पाळलेली?”

आबांनी सुयोगकडं बघितलं. त्या बघण्यात माया नव्हती. बाजारात जनावर विकत घेताना त्याचं तोंड उघडून बघतात, तसं ते बघणं होतं. सुयोगनंही नजर काढली नाही.

“पाळलेली,” आबा म्हणाले. “दोन्ही घरचीच. वळान मीच लावलंया त्यास्नी.”

सिस्टरनं मान न उचलता सुई भरली. “मग दहा दिवस दोघांवर नजर ठेवा, आजोबा. खातात का, पितात का बघा. वागण्यात काही बदल दिसला तर लगेच कळवा,” ती म्हणाली. “आणि तोवर कुणी त्यांना मारायचं नाही. हात सैल सोडा.”

आबांना हात सैल सोडता येईना.